आगीविना वीज आणि मधला पातळ पडदा

बडोद्यातल्या पाणीगेटच्या एखाद्या जुन्या घरात संध्याकाळी वीज गेली, तर दिवे, पंखे, टीव्ही सगळे एकदम बंद पडतात. शेगडी मात्र चालूच राहते. नळाने येणारा गॅस विजेसाठी अडून बसत नाही. बडोदे महानगरपालिकेने १९७२ मध्येच घरोघरी नळाने नैसर्गिक वायू द्यायला सुरुवात केली, त्यामुळे निळी ज्योत आणि अंधार हे दृश्य इथल्या दोन-तीन पिढ्यांना नवे नाही. पण त्यात एक कोडे आहे. शेगडीच्या एका बर्नरमधून साधारण दोन किलोवॉट उष्णता बाहेर पडते. नऊ वॉटचे दोनशे एलईडी बल्ब एका वेळी लागावेत, एवढी ही ऊर्जा आहे. मग एवढी ऊर्जा घरात जळत असताना त्याच घरात एक बल्बही का लागू नये?

जपानमध्ये तो लागतो. तिथे २००९ पासून ‘एने-फार्म’ नावाची कपाटाएवढी यंत्रे विकली जातात आणि आज ती लाखो घरांना जोडलेली आहेत. एका बाजूने नळाचा गॅस आत जातो, दुसऱ्या बाजूने वीज आणि अंघोळीचे गरम पाणी मिळते. यातल्या बऱ्याच यंत्रांच्या पोटात वीज तयार होते ती एका प्लॅस्टिकच्या पडद्याच्या आधाराने. आपल्या केसाहूनही पातळ असा हा पडदा कसा चालतो, तो कुठे अडतो आणि त्याच्यात फेरफार करण्यासाठी पुण्यापासून बोस्टन-टोकियोपर्यंत रसायनशास्त्रज्ञ का झटत आहेत, ते या लेखात पाहू.

जळण्याची फोड

कोणतेही इंधन जळते तेव्हा मुळात इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण होते. इंधनातले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे ओढले जातात. ज्योतीत हा व्यवहार जागच्या जागी, रेणूला रेणू भिडून होतो आणि सगळी ऊर्जा उष्णता होऊन उधळली जाते. त्या उष्णतेची वीज करायची, तर पाण्याची वाफ किंवा गरम वायू, मग फिरणारे यंत्र, मग जनित्र अशी लांबची वाट धरावी लागते. प्रत्येक टप्प्यावर गळती होते. लहान जनरेटरमध्ये इंधनातली पाव ते एक तृतीयांश ऊर्जाच विजेत येते.

इंधनघट, म्हणजे फ्युएल सेल, ही देवाणघेवाण दोन ठिकाणी वाटून टाकतो. १८३९ मध्ये विल्यम ग्रोव्ह या वेल्श न्यायाधीश-शास्त्रज्ञाने हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यापासून अशी वीज मिळवून दाखवली होती. हायड्रोजनचा रेणू म्हणजे दोन प्रोटॉन आणि दोन इलेक्ट्रॉन. घटाच्या एका बाजूला प्लॅटिनमच्या अतिसूक्ष्म कणांवर हा रेणू फुटतो. दुसऱ्या बाजूला हवेतला ऑक्सिजन वाट पाहत असतो. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन दोघांनाही त्याच्याकडे जायचे असते, पण मधला पडदा फक्त प्रोटॉनला वाट देतो. इलेक्ट्रॉनला बाहेरच्या तारेतून वळसा घालून जावे लागते, आणि त्या वळशात आपण बल्ब किंवा मोटर बसवतो. पलीकडे प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि ऑक्सिजन एकत्र आले की पाणी बनते. ज्योत नाही, फिरणारे चाक नाही, धूर नाही.

अशा एका घटातून हिशेबाने १.२३ व्होल्ट मिळायला हवेत. प्रत्यक्षात वीज ओढताना ०.६ ते ०.७ व्होल्टच हाती लागतात. म्हणून असे अनेक घट एकावर एक रचून थप्पी करतात. त्या थप्पीतला एक पडदा फाटला, तर सगळी थप्पी धोक्यात येते. यावरून पडद्यावर किती भार आहे ते कळेल. त्याने प्रोटॉनला सहज जाऊ द्यायचे, इलेक्ट्रॉनला अजिबात जाऊ द्यायचे नाही, दोन्ही वायू एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत आणि आम्ल, उष्णता, ओल यांच्या माऱ्यात हजारो तास टिकायचे. एकाच पदार्थाकडून एवढ्या परस्परविरोधी गोष्टी मागणारे दुसरे यंत्र चटकन आठवत नाही.

पालखीला खांदे हवेत

प्रोटॉन प्लॅस्टिकमधून जातो कसा? कार्तिकी एकादशीला बडोद्यात मांडवीच्या विठ्ठल मंदिरातून देवाचा वरघोडा निघतो. पालखी पुढे सरकते, पण तिला खांदा देणारे बदलत राहतात. एक जण चार पावले चालून बाजूला होतो, पुढचा खांदा लावतो. प्रोटॉनचा प्रवास असाच खांदेपालटाचा आहे. पडद्याच्या आत पाण्याचे रेणू रांगेने असतात. एका रेणूला जादा प्रोटॉन मिळाला की तो पुढच्याला देतो, तो त्याच्या पुढच्याला. पाण्याचे रेणू फारसे न हलता प्रोटॉन मात्र पलीकडे पोहोचतो. थिओडोर ग्रोटहस याने ही कल्पना १८०६ मध्येच मांडली होती आणि आजही ही प्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. पालखीहून इथे एक वेगळेपण आहे: पाण्याचा रेणू घेतलेलाच प्रोटॉन पुढे देतो असे नाही, स्वतःकडचा दुसराच देतो. निकाल तोच.

पण पाण्याचे रेणू पडद्यात धरून ठेवणार कोण? त्यासाठी पॉलिमरच्या लांबच लांब साखळीला बाजूने सल्फॉनिक आम्लाचे गट जोडलेले असतात. गंधकाच्या आम्लाचाच हा तुकडा, साखळीला कायमचा बांधलेला. तो पाणी ओढून घेतो आणि स्वतःचा प्रोटॉन सहज सोडून देतो. मूळ साखळी मात्र पाण्याला दूर सारते. परिणामी पडद्याच्या आत दोन प्रदेश आपोआप वेगळे होतात. कोरडा प्रदेश ताकद देतो. ओल्या प्रदेशातून काही नॅनोमीटर रुंदीच्या वाटांचे जाळे तयार होते.

मोठी अडचणही इथूनच सुरू होते. पडदा वाळला की खांदे देणारे नाहीसे होतात आणि वीज घटते. पडदा फार भिजला तर तो फुगतो, मऊ होतो, शिवाय साचलेले पाणी ऑक्सिजनची वाट अडवते. त्यात प्रोटॉन जाताना काही पाणी आपल्याबरोबर ओढून नेतो, म्हणून पडद्याची हायड्रोजनकडची बाजू वाळत राहते. तापमान ८० अंश सेल्सिअसच्या फार वर नेता येत नाही, कारण पाणी उडून जाते. इंधनघटाभोवती दिसणारे पंप, आर्द्रक आणि शीतक यांचा बराचसा पसारा पडद्याची ही ओल सांभाळण्यासाठीच असतो.

अवकाशयानातून रणोलीच्या कारखान्यात

१९५५ च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिक कंपनीत थॉमस ग्रब याने सल्फॉनिक गट जोडलेल्या पॉलिस्टायरीनचा पडदा इंधनघटात वापरला. ऑगस्ट १९६५ मध्ये ‘जेमिनी ५’ या अमेरिकी यानाला अशाच घटांनी अवकाशात वीज पुरवली. पण पॉलिस्टायरीनच्या साखळीतले कार्बन आणि हायड्रोजनचे बंध घटातल्या माऱ्यात तुटत. पडद्याचे आयुष्य तोकडे होते, आणि पुढच्या अपोलो यानांवर वेगळ्या जातीचे, क्षारीय इंधनघट बसवले गेले.

उत्तर आले ते टेफ्लॉनच्या घराण्यातून. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ड्यूपाँट कंपनीत वॉल्टर ग्रोट याने टेफ्लॉनसारख्या साखळीला सल्फॉनिक गट जोडून नॅफिऑन हा पॉलिमर तयार केला. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका घट्ट असतो की साखळी सहजासहजी तुटत नाही. नॅफिऑनला मोठी बाजारपेठ मिळाली ती इंधनघटांत नव्हे, मिठाच्या पाण्यापासून कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन बनवणाऱ्या कारखान्यांत. पूर्वी या धंद्यात पारा वापरत आणि तो नदी-नाल्यांत जाई. पडदा आल्यावर पाऱ्याची गरज संपली. बडोद्याजवळ रणोलीला १९७३ मध्ये स्थापन झालेल्या गुजरात अल्कलीज या कंपनीच्या कारखान्यात याच कुळातले पडदे काम करतात. तिथे प्रोटॉनऐवजी सोडियमचा आयन पलीकडे जातो, तत्त्व तेच. म्हणजे पाणीगेटपासून काही मैलांवर या पडद्यांना रोज हाताळणारे कारागीर आणि अभियंते आहेत, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पडदा कसा जपावा, कसा बदलावा, पाण्यातल्या कॅल्शियमने तो कसा बिघडतो, हे ज्ञान शहरात आधीच आहे.

पडदा सुधारायचा म्हणजे काय करायचे

नॅफिऑन महाग आहे, ओला ठेवावा लागतो आणि ८० अंशांच्या वर थकतो. म्हणून गेली तीस-चाळीस वर्षे त्यात बदल करणे किंवा त्याला पर्याय शोधणे चालू आहे.

सर्वांत यशस्वी बदल दिसायला साधा आहे. पडदा पातळ केला की प्रोटॉनची वाट आखूड होते. पूर्वीचे पडदे सुमारे १८० मायक्रॉन जाडीचे असत. आजच्या मोटारींतले दहा-पंधरा मायक्रॉनचे असतात. एवढा पातळ थर स्वतःच्या बळावर टिकत नाही, म्हणून त्याच्या आत ताणून सच्छिद्र केलेल्या टेफ्लॉनची जाळी घालतात. नळजोडणी करणारा कारागीर सांध्याला गुंडाळतो तो पांढरा टेप याच पॉलिमरचा असतो. जाळी ताकद देते आणि तिच्या छिद्रांत भरलेला पॉलिमर प्रोटॉन नेतो.

पातळ करण्याची किंमत मोजावी लागतेच. थोडा हायड्रोजन गळून पलीकडे जातो, तिथे ऑक्सिजनशी गाठ पडून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि त्यातून अतिशय आक्रमक मूलक जन्मतात. मूलक म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारा, दिसेल त्याला फोडणारा रेणूचा तुकडा. पडद्याला बारीक भोके पडण्यामागे बहुधा हेच असतात. त्यांना निकामी करण्यासाठी पडद्यात सेरियम या धातूचे आयन अगदी थोड्या प्रमाणात मिसळतात. सेरियम मूलकाला इलेक्ट्रॉन देऊन शांत करतो आणि पुन्हा पहिल्यासारखा होतो.

दुसरी वाट पाणी धरून ठेवणाऱ्या कणांची. सिलिका, टायटॅनियम डायऑक्साइड, झिर्कोनियम फॉस्फेट, चिकणमातीतली काही खनिजे यांचे नॅनोकण पडद्यात मिसळले की जास्त तापमानालाही थोडी ओल राहते. पण कण एकत्र येऊन गोळे झाले की पडदा ठिसूळ होतो. प्रयोगशाळेत हाताच्या तळव्याएवढा तुकडा छान निघतो. मीटरभर रुंदीच्या गुंडाळीत कण सगळीकडे सारखे पसरवणे फार अवघड असते. या विषयावरचे निबंध हजारोंनी आहेत आणि बाजारात पोहोचलेले पडदे मोजके, याचे मोठे कारण माझ्या मते हेच.

तिसरी वाट स्वस्त पॉलिमरची. पॉली-ईथर-ईथर-कीटोन, ज्याला उद्योगात नुसते ‘पीक’ म्हणतात, हे उष्णतेला दाद न देणारे प्लॅस्टिक आहे. डोंबिवली आणि लोटे परशुराम इथल्या कारखान्यांमुळे मराठी वाचकांना परिचित असलेल्या केकी घर्डा यांच्या कंपनीने ते भारतात विकसित करून बडोद्याच्या दक्षिणेला पानोलीत त्याचे उत्पादन केले. पुढे तो व्यवसाय बेल्जियमच्या सॉल्वे कंपनीकडे गेला. हे पीक तीव्र गंधकाम्लात विरघळवले की त्याच्या साखळीला सल्फॉनिक गट चिकटतात आणि प्रोटॉन नेणारा पडदा तयार होतो. गट कमी पडले तर प्रोटॉन जात नाहीत. जास्त झाले तर गरम पाण्यात पडदा फुगून लगदा होतो. योग्य प्रमाण गाठण्यासाठी आम्लाचे तापमान आणि वेळ जपावी लागते. या पडद्याच्या आतल्या पाण्याच्या वाटा नॅफिऑनपेक्षा अरुंद आणि वळणावळणाच्या असतात. वीज त्यामुळे थोडी कमी मिळते, पण मिथेनॉलवर चालणाऱ्या घटांत हाच गुण ठरतो, कारण मिथेनॉल पडद्यातून कमी झिरपते.

एक चौकट: विषबाधेचा हिशेब

नळाच्या गॅसपासून हायड्रोजन काढायचा, तर निकेलच्या उत्प्रेरकावर सातशे अंशांहून जास्त तापमानाला त्याच्यावर वाफ सोडतात. हायड्रोजनबरोबर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. पुढच्या टप्प्यात आणखी वाफ देऊन तो बराच कमी केला, तरी सुमारे शेकडा एक भाग उरतो. ८० अंशांच्या घटात प्लॅटिनमवर हा वायू चिकटून बसतो आणि हायड्रोजनला जागाच ठेवत नाही. तिथे त्याचे प्रमाण लाखात एक भागाच्या खाली आणावे लागते. १६० अंशांच्या घटात मात्र तो प्लॅटिनमवर टिकत नाही, आणि शेकडा एक भाग असला तरी चालते. हा हजारपटीचा फरक आहे.

पुण्यातला १६० अंशांचा पडदा

म्हणून पाणीगेटच्या शेगडीचे कोडे सोपेपणाने सोडवायचे, तर पडदा गरम चालला पाहिजे. आणि गरम चालायचा, तर त्याने पाण्याचा नाद सोडला पाहिजे. पाण्याऐवजी खांदा द्यायला दुसरे कोणीतरी हवे. ते काम फॉस्फोरिक आम्ल करते. त्याचे रेणू पाणी नसतानाही एकमेकांना प्रोटॉन देऊ शकतात आणि १६० अंशांना ते उडून जात नाही. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या संशोधकांनी हे आम्ल पॉलिबेन्झिमिडाझोल नावाच्या पॉलिमरमध्ये मुरवून पडदा केला. अग्निशमन दलाच्या जवानांच्या पोशाखात वापरतात तोच हा पॉलिमर. त्याच्या साखळीतले नायट्रोजन आम्लाला धरून ठेवतात.

पुण्याच्या पाषाण भागातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, या पॉलिमरवर दीर्घकाळ काम झाले आहे. उल्हास खरूल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या साखळीची रचना बदलून वेगवेगळे पडदे बनवले. त्याच प्रयोगशाळेतल्या विजयमोहनन पिल्लै यांच्या गटाबरोबर २०१० च्या सुमारास झालेला एक प्रयोग सुंदर आहे. कार्बनच्या नॅनोनलिकांना फॉस्फोनिक आम्लाचे गट जोडून त्या या पॉलिमरमध्ये मिसळल्या. नलिकांच्या अंगाने आम्लाचे गट ओळीने उभे राहिल्यामुळे प्रोटॉनला सलग वाट मिळाली, शिवाय पडद्याची ताकदही वाढली. यात जोखीम होतीच: कार्बनच्या नलिका इलेक्ट्रॉनही नेतात. त्या इतक्या झाल्या की एकमेकींना टेकल्या, तर पडद्यातूनच वीज पलीकडे जाईल आणि घट शॉर्ट होईल. म्हणून प्रमाण अगदी थोडे ठेवावे लागते.

हे काम कागदावर राहिले नाही. एनसीएल, दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आणि कारैकुडीची विद्युतरसायन संशोधन संस्था यांनी पुण्याची थरमॅक्स आणि मुंबईची रिलायन्स या कंपन्यांबरोबर उच्च तापमानाच्या पडद्याचा पाच किलोवॉटचा इंधनघट उभा केला. २६ सप्टेंबर २०१९ रोजी दिल्लीच्या विज्ञान भवनात तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. तो मिथेनॉल किंवा जैव-मिथेनवर चालतो. वीज आणि उष्णता दोन्ही उपयोगात आणल्या, तर त्याची कार्यक्षमता सत्तर टक्क्यांच्या वर जाते. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२० मध्ये, केपीआयटी कंपनी आणि एनसीएल यांनी पुण्यात हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारीची चाचणी घेतली. तिच्यात दहा किलोवॉटची थप्पी होती, पण ती कमी तापमानाच्या पडद्याची.

मोटारीत गरम पडदा का घातला नाही? चालक किल्ली फिरवतो तेव्हा त्याला लगेच निघायचे असते, आणि हा पडदा शंभर अंशांच्या बराच वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही. थंड असताना घटात पाणी साचले, तर त्यात फॉस्फोरिक आम्ल विरघळून वाहून जाते. पॉलिमर थोडेच आम्ल घट्ट धरतो. बाकीचे मोकळे असते. ते वाढवले की वीज वाढते, पण पडदा मऊ पडतो आणि गळतीही वाढते. शिवाय फॉस्फोरिक आम्ल प्लॅटिनमला चिकटून ऑक्सिजनची क्रिया मंदावते. साखळ्यांना आडवे बंध घालून पडदा घट्ट करणे आणि आम्लाला जास्त पक्के बांधून ठेवणे, यावर आज सगळा भर आहे.

आपल्याला कोणता पडदा हवा

बातम्यांत हायड्रोजनची मोटार आणि बस जास्त दिसते. मला मात्र वाटते की आपल्यासारख्या ठिकाणी पहिला हक्क जागेवर बसलेल्या, रोज तासन्‌तास चालणाऱ्या घटांचा आहे. एखादे इस्पितळ, मोबाइलचा मनोरा, सोसायटीची पाण्याची मोटर आणि लिफ्ट: इथे घट एकदा तापला की तापलेलाच ठेवता येतो, म्हणजे गरम पडद्याचा मुख्य दोष आड येत नाही. शुद्ध हायड्रोजनच्या टाक्या नकोत. गॅसची वाहिनी किंवा शेणा-कचऱ्यापासूनचा जैववायू पुरतो. नळाच्या गॅसवर चालवला तर त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, हे लपवण्यात अर्थ नाही. जैववायूवर चालवला तर तो भार बराच हलका होतो.

याला आणखी एक कारण आहे. नॅफिऑनसारखे फ्लोरिनयुक्त पॉलिमर निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत, आणि २०२३ पासून युरोपीय संघात अशा संपूर्ण कुळावर निर्बंध घालण्याचा प्रस्ताव चर्चेत आहे. पॉलिबेन्झिमिडाझोल आणि पीक यांच्या साखळ्यांत फ्लोरिन नाही. आज फ्लोरिनयुक्त पडदे बनवणाऱ्या कंपन्या जगात बोटांवर मोजण्याएवढ्या आहेत. बिनफ्लोरिनच्या पडद्यांत ही मक्तेदारी अजून घट्ट बसलेली नाही.

बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले. तिथले रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्यासह १९०७ मध्ये ॲलेम्बिकची मुहूर्तमेढ रोवली. त्याच कलाभवनाचा वारसा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेकडे आहे. शहराच्या एका टोकाला पडद्यांवर चालणारा कारखाना, दक्षिणेला पीक बनवणारी पानोली, पुण्यात पडद्याचे जाणकार आणि रस्त्याखाली पन्नास वर्षांची गॅसवाहिनी, असे सगळे हाताशी असलेली शहरे देशात फार नाहीत. रसायनशास्त्र किंवा पॉलिमर शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी विषय निवडताना या पडद्यांचा जरूर विचार करावा. सुरुवातीला लागते ते थोडे पीक, तीव्र गंधकाम्ल, काचेची पाटी आणि आम्लाशी काम करताना काळजी घेणारे जाणते मार्गदर्शक.